'रस्त्यावर पाणी आहे' हा बोर्ड वळता येईल तिथे लावा: रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुलं पत्र

मा. रस्ते वाहतूक मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

साहेब, पावसाळा तोंडावर आलाय म्हणून आत्ताच लिहितोय, पाणी आल्यावर लिहून काही उपयोग नसतो. गाडीच्या मागे कॅराव्हॅन, म्हणजे राहायची सोय असलेला ट्रेलर जोडून फिरणारे आम्ही लोक पाणी आलेल्या रस्त्यावरून बाकीच्यांसारखे मागे फिरू शकत नाही, आणि ही गोष्ट लक्षात घेऊन लावलेला एकही बोर्ड मला आजवर कुठे दिसलेला नाही.

बोर्ड नसतात असं नाही. 'पुढे रस्त्यावर पाणी' असा बोर्ड असतो, कधी बॅरिकेड असतं, कधी शिट्टी घेऊन माणूसही उभा असतो. पण हे सगळं कुठे असतं तर पाण्याच्या तोंडाशी. साध्या कारवाल्याला ते पुरतं, तो दोनदा पुढे-मागे करून गाडी वळवतो आणि निघून जातो. आमची गाडी आणि ट्रेलर मिळून १० ते १२ मीटरचं धूड होतं आणि दोन लेनचा रस्ता असतो साधारण ७ मीटर रुंद, त्यात बाजूला चर, आणि फरशी पुलाकडे जाणारा रस्ता बहुतेक वेळा उताराचा. तिथे वळणं सोडाच, रिव्हर्स घेणंही सोपं नसतं, कारण ट्रेलर रिव्हर्समध्ये उलटा चालतो, स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलरचं शेपूट उजवीकडे जातं, आणि जरा जास्त फिरवलं की गाडी आणि ट्रेलर चाकूसारखे घडी होऊन अडकतात. हे सगळं रात्री, पावसात, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना करायचं म्हटलं तर भले भले ड्रायव्हर हात टेकतात.

अशाच एका रांगेत मी होतो. पुढे फरशी पूल, त्यावरून गढूळ पाणी चाललेलं, पूल कुठे संपतो ते फक्त कडेच्या दगडांवरून कळत होतं. सगळ्यात पुढे एक कुटुंब, एसयूव्ही आणि मागे ट्रेलर. त्या माणसाला जायचं नव्हतं, तो खाली उतरून मागे येऊन सगळ्यांना हात जोडून सांगत होता की थोडं मागे घ्या, मला रिव्हर्स घ्यायचाय. पण रांग वाढतच होती, मागच्यांना पुढे काय चाललंय ते दिसत नव्हतं, हॉर्न चालू होते, आणि दोघं-तिघं त्यालाच समजावत होते की अहो जाईल, आत्ताच एक जीप गेली. पाणीही चढत होतं, जिथे उभा आहे तिथेच उभं राहावं तर तेही धोक्याचं. शेवटी त्याने गाडी घातली. अर्ध्यापर्यंत व्यवस्थित गेला, मग ट्रेलरचं मागचं टोक हळूच, अगदी हळू, धारेच्या बाजूला सरकलं. थांबलं. परत सरकलं. आणि मग त्याच्याबरोबर एसयूव्हीची मागची चाकंही ओढली गेली आणि गाडी कडेच्या दगडांना जाऊन टेकली. दोर टाकून खिडकीतून सगळ्यांना बाहेर काढलं, जीव वाचले. ट्रेलर थोड्या वेळाने आडवा झाला.

नंतर तिथे जमलेले लोक त्या माणसाला मूर्ख म्हणत होते, अक्कल नाही म्हणत होते. मला ते अजिबात पटलं नाही आणि आजही पटत नाही. त्याला मागे फिरायचा निर्णय घेता येईल अशी शेवटची जागा मागच्या फाट्यावर होती, आणि त्या फाट्यावर त्याला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. पाण्यासमोर येऊन उभा राहिला तेव्हा निर्णय त्याच्या हातातून गेलेला होता.

ट्रेलर पाण्यात असा का वागतो ते जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या खात्यातल्या रस्ते डिझाइन करणाऱ्या मंडळींना जडशीळ वस्तू सहज वाहून जाईल असं वाटत नसावं. ५ मीटर लांब आणि २ मीटर रुंद ट्रेलर धरा. तळाचं क्षेत्रफळ १० चौरस मीटर. पाणी तळाला लागून वर १० सेंटिमीटर चढलं की १ घनमीटर पाणी बाजूला सारलं जातं, म्हणजे पाणी त्या ट्रेलरला खालून १ टनाने वर उचलतं. ट्रेलरचं वजन दीड टन असेल तर टायरवर उरला फक्त अर्धा टन. अजून ५ सेंटिमीटर चढलं की काहीच उरत नाही, तो तरंगतो. आत पाणी शिरल्यावर तो परत खाली बसतो हे खरं, पण दारं-फटींमधून पाणी शिरायला वेळ लागतो आणि वाहून जायला तेवढा वेळ लागत नाही. तळ जमिनीपासून साधारण अर्धा मीटर वर असतो, म्हणजे ६५ सेंटिमीटर पाण्यात हा खेळ संपला, आणि तोही साठलेल्या पाण्यात. वाहत्या पाण्यात त्याच्या कितीतरी आधी, कारण ट्रेलरची लांबलचक सपाट बाजू धारेला आडवी येते, आणि पाण्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो.

आणि हा रेटा ट्रेलरपुरता राहत नाही. एरवी ट्रेलरच्या पुढच्या टोकाचं वजन 'हिच'वरून, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडायच्या सांध्यावरून, गाडीच्या मागच्या चाकांवर असतं, ट्रेलर उचलला गेला की ते वजन कमी होतं, म्हणजे गाडीची मागची चाकं हलकी होतात नेमकी त्याच वेळी जेव्हा ट्रेलर त्यांना बाजूला खेचत असतो. ड्रायव्हर बघत असतो पुढे. मागे काय चाललंय ते त्याला गाडी बाजूला ओढली जायला लागल्यावरच कळतं.

अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा लोकांना सांगते की १५ सेंटिमीटर वाहतं पाणी मोठ्या माणसाला पाडू शकतं, ३० सेंटिमीटर बहुतेक कार वाहून नेऊ शकतं आणि ६० सेंटिमीटर एसयूव्ही आणि पिकअपसुद्धा. हे आकडे नुसत्या गाडीचे आहेत. गाडीच्या मॅन्युअलमध्ये किती खोल पाण्यातून गाडी नेता येते असा जो आकडा असतो तोही गाडीपुरताच, मागे जोडलेल्या ट्रेलरचा त्यात हिशोब नसतो आणि धारेचा तर नसतोच. पण जाहिरातीत पाणी उडवत जाणारी गाडी बघून आपली पण जाईल असं माणसाला वाटतं, त्यात मागे ट्रेलर आहे हे तो धरतच नाही. खोली दाखवणारा खांब फरशी पुलाशेजारी असेल तर त्यावर ट्रेलरसाठी वेगळी रेघ मारा, मी तर म्हणतो ती रेघ शून्यावरच मारा, म्हणजे रस्त्यावर वाहतं पाणी दिसलं की ट्रेलरवाल्याने जायचं नाही, विषय संपला. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये 'पूर असेल तर विसरून जा' अशा अर्थाची मोहीम चालवतात, अमेरिकेत 'मागे फिरा, बुडू नका' म्हणतात. दोन्ही अगदी बरोबर आहेत. पण मागे फिरा म्हणायचं असेल तर फिरायला जागा द्यावी लागेल ना साहेब.

म्हणून मागणी अशी आहे. जिथे जिथे रस्ता पाण्याखाली जातो हे तुमच्या खात्याला दरवर्षीच्या अनुभवाने माहीत आहे, तिथे दोन्ही बाजूंनी मागे जाऊन लांब वाहन वळू शकेल अशी शेवटची जागा शोधा, फाटा असेल, पंपाचं आवार असेल, रस्त्याची रुंद बाजूपट्टी असेल, आणि मुख्य इशारा तिथे लावा. 'पुढे इतक्या किलोमीटरवर रस्ता पाण्याखाली, ट्रेलर आणि लांब वाहनांना यानंतर वळायला जागा नाही', एवढं वाक्य पुरे. रात्री दिसेल असा लुकलुकणारा दिवा हवा, आणि तो पाण्याच्या सेन्सरला जोडलेला असेल तर उत्तम, कारण कुणी माणूस येऊन चालू करेल यावर अवलंबून राहिलं की पहाटे ३ वाजता तो दिवा बंदच असतो. सेन्सर आणि दिव्यांची अशी सोय टेक्सासमध्ये काही ठिकाणी आहे, नवीन शोध लावायचा नाहीये. जिथे वळायला जागाच नाही तिथे एका बाजूला मुरूम टाकून ती करता येते, पूल उंच करण्याच्या मानाने तो खर्च काहीच नाही. पूल उंच व्हायचे तेव्हा होतील, त्याची वाट बघत हे अडवून ठेवू नका.

दंडाबद्दल बोलायचं तर अमेरिकेतल्या ॲरिझोनात १९९५ पासून कायदा आहे, बॅरिकेड ओलांडून पाण्यात गाडी घातली तर सुटकेचा खर्च ड्रायव्हरकडून वसूल करता येतो. माझा अशा कायद्याला विरोध नाही, बॅरिकेड बाजूला सारून जाणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी, कारण त्याला काढायला जाणारी माणसं जीव धोक्यात घालतात. पण आधी सांगायचं नाही आणि मग दंड करायचा हे बरोबर नाही.

लायसनचंही बघा. ब्रिटनने डिसेंबर २०२१ मध्ये कारवाल्यांसाठी ट्रेलर ओढायची वेगळी टेस्ट काढून टाकली, आता साध्या कार लायसनवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. टेस्ट ठेवायची की नाही हा वेगळा वाद आहे, मला ती असावी असं वाटतं. पण निदान ट्रेलर विकताना किंवा भाड्याने देताना पाण्याबद्दल १० मिनिटं सांगणं सक्तीचं करा. आत्ता हिच कशी लावायची, लाइटची पिन कुठे, ब्रेक कसा जुळवायचा एवढं दाखवतात आणि चावी हातात देतात.

त्या १० मिनिटांत पाण्यातून बाहेर आल्यानंतरचंही यायला हवं, कारण ते कुणालाच माहीत नसतं. बराच वेळ चालून चाकांचे हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग, गरम झालेले असतात, ते थंड पाण्यात बुडले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. बाहेरून काही दिसत नाही. बेअरिंगचं ग्रीस पाणी मिसळून दुधी होतं, आणि मग काही दिवसांनी, छान कोरड्या हायवेवर, बेअरिंग जाम होतं आणि चाक निखळतं. बोटीचे ट्रेलर वापरणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं, कॅराव्हॅनवाल्यांना नसतं. चाकाच्या अर्ध्यापर्यंत जरी पाणी लागलं असेल तर हब उघडून ग्रीस बघायचं, ब्रेक ड्रममधला गाळ काढायचा, लाइटच्या पिनमधलं पाणी झटकून कोरडं करायचं. बऱ्याच कॅराव्हॅनच्या तळाला गॅस गळला तर खाली निघून जावा म्हणून मुद्दाम भोकं ठेवलेली असतात, त्यातून पाणी आधी आत येतं, त्यामुळे गॅस आणि वायरिंग तपासल्याशिवाय आत काहीही चालू करायचं नाही.

नकाशाच्या ॲपचं तर काय सांगू. मेन रोड बंद झाला की ॲप सरळ आतल्या रस्त्याने वळवतं, आणि आतले रस्ते म्हणजे अरुंद, तिथेच फरशी पूल जास्त. रस्ता बंद केल्याची माहिती तुमच्या खात्याकडून त्याच मिनिटाला ॲप कंपन्यांना मिळेल अशी व्यवस्था करा, व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो फिरेपर्यंत थांबू नका. आणि पाणी उतरलं म्हणून लगेच रस्ता चालू करू नका, खालचा भराव वाहून गेलाय का ते बघून मगच करा.

अजून एक विषय आहे आणि तो तुमच्या एकट्याच्या खात्याचा नाही, तरी लिहितो. कॅराव्हॅनसाठी मुक्कामाच्या जागा नदीकाठी असतात, लोकांना पाणी आवडतं. ७ ऑगस्ट १९९६ ला स्पेनमध्ये पिरेनीज डोंगरात बिएस्कासजवळच्या कॅम्पसाइटवर ओढ्याचा लोंढा आला आणि ८७ माणसं गेली. ४ जुलै २०२५ च्या पहाटे टेक्सासमध्ये ग्वाडालूप नदीला पूर आला तेव्हाही काठावरच्या कॅराव्हॅन पार्कमधले ट्रेलर आत माणसं असताना वाहून गेले. अशा वेळी लोक अंधारात ट्रेलर गाडीला जोडायला जातात, हिच जुळत नाही, जॅक वर होत नाही, आणि जी मिनिटं चढावर जायला हवी होती ती तिथे जातात. ट्रेलर सोडा आणि माणसं घेऊन चढावर जा, हे वाक्य मुक्कामाच्या प्रत्येक जागेच्या गेटवर मोठ्या अक्षरात असलं पाहिजे आणि चढ कुठल्या बाजूला आहे तो बाण सुद्धा. पर्यटन खात्याशी बोलून हे करून घ्या, मनात आणलं तर एका बैठकीचं काम आहे.

सगळं एका पावसाळ्यात होणार नाही हे मला कळतं. पण पाण्याखाली जाणाऱ्या जागांची यादी तुमच्या इंजिनिअरांकडे आहे, ती जाहीर करा आणि प्रत्येक जागेपुढे 'लांब वाहन वळायची शेवटची जागा' असा एक रकाना टाका. तो रकाना भरायला आम्ही ट्रेलरवाले मदत करू, आमच्या गाड्या घेऊन येऊ, कुठे वळता येतं आणि कुठे नाही ते प्रत्यक्ष वळवून दाखवू. पाऊस सुरू व्हायच्या आत बोलवा.

आपला,
ट्रेलर घेऊन फिरणारा एक ड्रायव्हर