मिस्त्रीदादा, त्या दुपारबद्दल

मिस्त्रीदादा, सप्रेम नमस्कार.

स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या बिजागऱ्या बदलायचं काम आटोपून, ओटा पुसून तुम्ही निघालात आणि मी दारात नुसतं 'बरं, या' म्हणाले. त्या वेळी शब्दच फुटेना. नंतर सुचलं ते इथे लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही, उगाच अवघडल्यासारखं होईल तुम्हाला.

आईचं दुखणं लांबल्यापासून तिची झोप सशाची झाली आहे. तिची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत, आणि वरची सगळी कपाटं नेमकी त्याच भिंतीला टांगलेली. रात्री औषधासाठी पेला काढायचा म्हणजे स्वतःच्याच घरात चोरी केल्यासारखं. एक हात मुठीवर, दुसरा तळहात फटीत, आणि दार इंचाइंचाने टेकवत न्यायचं. तरी शेवटच्या दोन बोटांवर स्प्रिंग ते हातातून हिसकावून घ्यायची आणि खाड्! की पलीकडून आईचं कण्हणं. दाराने आदळायचं आणि अपराधी मी.

तुमच्याआधी तिघे येऊन गेले. पहिला म्हणाला, 'होईल सवय.' दुसऱ्याने दारांच्या कोपऱ्यांत जाड रबरी टिकल्या चिकटवल्या. 'खाड्'चं 'धप्' झालं आणि दारं सूतभर उघडी राहू लागली. तिसऱ्याने तर थेट टेप काढून भिंती मोजायला घेतल्या, म्हणे ही कपाटंच काढून टाकू, सगळं नवीन करू. बिजागऱ्यांकडे मान वर करून तिघांपैकी एकानेही पाहिलं नाही. झालं गेलं विसरावं म्हणतात. मी विसरलेली नाही.

तुम्ही आधी एक दार उघडलंत, तसंच सोडून दिलंत आणि आवाज ऐकलात. मग विचारलंत, "पलीकडे कोण असतं?"

मी म्हटलं, आई. रात्रभर जागी होती, आत्ताच डोळा लागलाय.

तुम्ही काही बोलला नाहीत. हातातलं ड्रिल मशीन परत पिशवीत घातलंत, चेन लावलीत आणि पिवळ्या मुठीचा पेचकस बाहेर काढलात. 8 दारं, प्रत्येकाला 2 बिजागऱ्या, एकेका बिजागरीला 4 स्क्रू. म्हणजे 64 काढायचे आणि 64 पुन्हा आवळायचे, तेही हात डोक्याच्या वर धरून. मधे एकदा तुम्ही मनगट झटकलंत, बोटं शर्टाला पुसलीत आणि पुढच्या दाराकडे वळलात. काढलेला प्रत्येक स्क्रू तुम्ही ओट्याच्या दगडावर न टाकता घडी घातलेल्या फडक्यावर ठेवत होतात. ते का, हे मला तुम्ही गेल्यावर कळलं, फडकं उचलताना.

कामातलं मला फार कळत नाही. बिजागरीची वाटी, म्हणजे दारातल्या गोल भोकात बसणारा भाग, सहसा 35 मिलिमीटरचीच असते, म्हणून जुनंच भोक कामाला आलं, एवढं लक्षात राहिलं. नव्या बिजागरीच्या पोटात तेलाचा बारीकसा दट्ट्या असतो, तो दाराचा जोर गिळतो. आणि दार हलकं असेल तर दोन्ही दट्टे मिळून त्याला फारच आळशी करतात, म्हणून वरच्या छोट्या दाराचा एक दट्ट्या तुम्ही खटका सरकवून बंद केलात. टिकल्यावाल्याला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

हुशार कारागीर पुष्कळ भेटतात हो. आपल्या कामाचा आवाज पलीकडच्या खोलीत कुणाच्या उशाशी पोचतो, हे विचारणारे विरळा. आईला घेऊन इस्पितळात होते तेव्हा मध्यरात्री ट्रे आदळत नेणारे पाहिले, आणि चपला हातात घेऊन अनवाणी वॉर्डातून जाणारी एक आयाही पाहिली. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. तिचे आभार मानायचे राहूनच गेले, म्हणून तुमच्या वेळी ही घाई.

त्या दुपारी आई सलग अडीच तास झोपली. उठल्यावर म्हणाली, "आज तो मिस्त्री आलाच नाही का गं?"

मी तिला धरून स्वयंपाकघरात नेलं. तिने एक दार मुद्दाम ढकललं, चांगलं जोरात, आणि सवयीने डोळे मिटून घेतले. दार आलं, कपाटाशी पोचता पोचता थबकलं आणि हळूच आत गेलं. तिने डोळे उघडले. पुन्हा उघडून पुन्हा ढकललं. मग शेजारचं. पाच-सहा वेळा तरी तिचा हा खेळ चालला.

तुमचा पेचकस ओट्यावरच राहिला आहे. या बाजूला आलात की घेऊन जा. संध्याकाळी पाचनंतर आई जागी असते, बेल वाजवली तरी चालेल.