त्रिकोणातला तिसरा अणू

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

ज्या धातूला साधी टाचणीसुद्धा चिकटत नाही, त्याच्या चुंबकत्वाचा अभ्यास तो काय करायचा, असे बाबांनी विचारले होते. फोनवर ते नीट सांगता आले नसते, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या पदार्थांत, म्हणजे प्रतिलोहचुंबकांत, शेजारशेजारच्या अणूंची चुंबकीय आघूर्णे, म्हणजे प्रत्येक अणूतल्या इवल्याशा चुंबकाची ताकद आणि दिशा, परस्परांच्या विरुद्ध दिशेला वळतात, त्यामुळे त्यांची बेरीज जवळजवळ शून्य होते. ही कल्पना फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई नेएल यांनी १९३०च्या दशकात मांडली आणि १९४९ मध्ये पदार्थावर सोडलेले न्यूट्रॉन कसे विखुरतात त्यावरून ती प्रत्यक्ष दिसली. पण अणू त्रिकोणाच्या टोकांवर बसले असतील, तर पहिले दोन एकमेकांच्या विरुद्ध झाल्यावर तिसऱ्याला दोघांच्याही विरुद्ध होता येत नाही. बहुतेक वेळा तिन्ही आघूर्णे आपसांत १२० अंशांचा कोन करून ही कोंडी सोडवतात.

मँगनीज आणि कथील यांच्या एका संयुगात नेमके हेच घडते. तिथे उरलेले चुंबकत्व लोखंडाच्या अणूच्या तुलनेत सुमारे हजारावा हिस्साच असते, तरीही २०१५ मध्ये असे दिसले की नेहमीच्या तापमानालाच त्यातून वाहणारे इलेक्ट्रॉन एका बाजूला झुकतात, एरवी फक्त खऱ्या लोहचुंबकात झुकावेत तसे. हा झुकाव आघूर्णांच्या मांडणीतून येतो, त्यांच्या बेरजेतून नव्हे, आणि मला ही गोष्ट फार सुंदर वाटते.

माझे मन मात्र सिरियम, पॅलॅडियम आणि ॲल्युमिनियमच्या संयुगात गुंतले आहे. त्यातले सिरियमचे सगळे अणू स्फटिकरचनेच्या दृष्टीने अगदी सारखे आहेत; पण २.७ केल्विनच्या (सुमारे उणे २७० अंश सेल्सिअसच्या) खाली त्यांतले दोनतृतीयांश शिस्तीत लागतात आणि उरलेला प्रत्येक तिसरा अणू बेशिस्तच राहतो. विद्युतरोधक पदार्थात हा केवळ भूमितीचा प्रश्न ठरला असता. धातूत मात्र मोकळे इलेक्ट्रॉन दुहेरी काम करतात: एका अणूचा प्रभाव ते दुसऱ्यापर्यंत पोहोचवतात आणि त्याच वेळी अणूभोवती गोळा होऊन त्याचे आघूर्ण झाकूनही टाकतात. तिसरा अणू भूमितीमुळे एकटा पडतो आणि मग इलेक्ट्रॉन त्याला झाकून घेतात, असे मला वाटते.

पॅलॅडियमच्या जागी निकेल घालत गेले की ही व्यवस्था दुबळी होत जाते, आणि निकेलचे प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास पोहोचले की ती पार नाहीशी होते. त्या टप्प्यावर तिसऱ्या अणूचे नेमके काय होते, याचाच शोध मला घ्यायचा आहे.

तुमची लेक