पळायला लावणं ही शिक्षा, हे आधी बंद करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आजकालची पोरं आळशी झालीत, मोबाईलमधून मान वर काढत नाहीत, हे मी घरीदारी इतक्यांदा ऐकलंय आणि वाचकांच्या पत्रांतही इतक्यांदा वाचलंय की शेवटी लिहायलाच बसले. माझी मुलगी आठवीत आहे, मुलगा दहावीत. आणि मला मनापासून वाटतं की ह्या बाबतीत आपलं आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असं चाललंय.

आधी आकडे बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतल्या सुमारे १६ लाख शाळकरी मुलांची माहिती एकत्र केली, ती २०१९ मधे प्रसिद्ध झाली. त्यात २०१६ ची परिस्थिती अशी दिसली की ११ ते १७ वयाच्या ८१ टक्के मुलांची दिवसाला तासभरसुद्धा नीट हालचाल होत नाही, मुलींमधे तर हे प्रमाण ८५ टक्के. आता जगभरातल्या पाचातली चार मुलं एकदम आळशी निघाली असं कसं होईल? ह्यातलीच बहुतेक पोरं लहानपणी एका जागी बसायची नाहीत, ओरडून ओरडून घरात बोलवावी लागायची. मोबाईलचा हात आहेच, अभ्यासाचं ओझं आहे, ते मी नाकारत नाही, पण मोबाईल काढून घेतला की पोरगं उठून पळायला लागेल असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा करून बघावं, ते नुसतं छताकडे बघत पडून राहतं.

मला विचाराल तर बरंचसं बिघडतं ते पीटीच्या तासाला. मुलीकडून ऐकलेलं होतंच, नंतर एकदा शाळेत काम होतं तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. दोन कॅप्टन उभे केले, दोघंही वर्गातले सगळ्यात जोरात पळणारे, आणि त्यांनी एकेक नाव घेत टीम निवडायच्या. आधी चांगले खेळणारे गेले, मग कॅप्टनचे मित्र गेले, आणि शेवटी तीनचार जण उरले जे कुणालाच नको होते. ती पोरं बुटाच्या टोकाने माती उकरत उभी, मान खाली, आणि एक कॅप्टन मोठ्याने म्हणाला, हिला तुम्ही घ्या, मागच्या वेळी आम्ही घेतली होती. सगळ्या वर्गासमोर. डेव्हिड एल्काइंड ह्या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मधेच लिहून ठेवलंय की ह्या वयातल्या मुलांना सतत वाटत असतं की सगळे आपल्याकडेच बघतायत, कुणी बघत नसलं तरीही. इथे तर सगळा वर्ग खरोखरच बघत होता. मग ती पोरगी पुढच्या पीटीच्या दिवशी सकाळी पोटात दुखतंय म्हणणार नाही तर काय करणार, आणि आपण तिला आळशी म्हणून मोकळे.

ह्याच्यावर कडी म्हणजे शिक्षा. गृहपाठ राहिला, ग्राउंडला पाच राऊंड. उशीर झाला, राऊंड. बडबड केली, उठाबशा. जी गोष्ट पोरांनी आयुष्यभर आवडीने करावी असं आपण म्हणतो तीच आपण चुकीची भरपाई म्हणून वापरतो, आणि परत विचारतो की ह्यांना पळायला का आवडत नाही! अमेरिकेतल्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांच्या संघटनेने तर व्यायाम शिक्षा म्हणून देऊ नका अशी स्पष्ट भूमिका जाहीर केलीये. आपल्याला हे कळायला कुठल्या संघटनेची गरज पडू नये खरं तर.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मधे एक सिद्धांत मांडला, त्यावर पुढे शाळांमधे, खेळात, भरपूर काम झालंय. सोप्या भाषेत सांगायचं तर माणूस एखादी गोष्ट मनापासून करत राहतो त्यासाठी तीन गरजा भागाव्या लागतात, आपलं आपण ठरवता आलं पाहिजे, हे मला जमतंय असं वाटलं पाहिजे, आणि सोबत आपली वाटणारी माणसं पाहिजेत. आता वरचा पीटीचा तास आठवा, तिन्ही गोष्टींच्या नावाने शून्य. खेळ सरांनी ठरवलेला, जमत नाही हे चारचौघांत सिद्ध झालेलं, आणि टीमला आपण नकोसे.

घरी आपण तरी काय वेगळं करतो? एकतर लेक्चर देतो नाहीतर आमिष दाखवतो. आमिषाचं सांगते, १९७३ मधे लेपर, ग्रीन आणि निस्बेट ह्यांनी केलेला एक प्रयोग आहे, त्यातली मुलं अगदी छोटी होती, चित्र काढायची आवड असलेली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल, आणि पुढे मोकळ्या वेळात ह्याच मुलांनी चित्र काढण्यात बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ घालवला. ज्यांना बक्षीस न सांगता अचानक मिळालं त्यांची आवड मात्र टिकली. म्हणून रोज पळलास तर नवीन फोन, असले सौदे करताना दहादा विचार करा.

लेक्चरचं पण तसंच. ब्रिटनमधे २००२ मधे मिल्न, ऑर्बेल आणि शीरन ह्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर अभ्यास केला. एका गटाला व्यायाम केला नाही तर हृदयाचं काय होतं ह्याची माहिती वाचायला दिली, त्यांची इच्छा वाढली पण प्रत्यक्ष व्यायाम काहीच न दिलेल्या गटाइतकाच, साधारण ३५ ते ३८ टक्के. दुसऱ्या गटाला तीच माहिती दिली आणि वर एवढंच लिहायला लावलं की पुढच्या आठवड्यात मी कुठल्या दिवशी, किती वाजता आणि कुठे व्यायाम करणार. त्यातल्या ९१ टक्क्यांनी केला! पुढे म्हातारपणी गुडघे दुखतील, शुगर होईल हे चौदा वर्षांच्या पोराला सांगून काही उपयोग नाही, त्याच्यासाठी ते कुठल्यातरी दुसऱ्याच माणसाचं आयुष्य आहे. त्यापेक्षा उद्या किती वाजता आणि कुणाबरोबर, एवढं त्याचं त्याला ठरवू द्या.

मुलीच्या बाबतीत आम्ही शेवटी सांगणंच बंद केलं. तुला काय करावंसं वाटतं ते तू सांग, आणि काहीच नको असेल तर तेही चालेल, असं म्हटलं आणि खरंच गप्प बसलो (हे सगळ्यात अवघड गेलं). काही दिवस काही झालं नाही. मग तिने आणि तिच्या मैत्रिणीने खोलीचं दार लावून गाण्यावर नाचायला सुरुवात केली, घामाघूम होऊन बाहेर येतात आणि हसत असतात. दार लावलेलं आहे, कुणी बघत नाही, नंबर नाही. डब्ल्यूएचओ पाच ते सतरा वयासाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं सांगते, त्यात नाच धरला जातो, चालणं धरलं जातं, सायकल धरली जाते, हे कितीतरी पालकांना माहीतच नाही, त्यांना वाटतं मैदान आणि मेडल म्हणजेच व्यायाम.

आणि जोर किती लावायचा हेही बघा. बोलता येईनासं होईल इतकी दमछाक झाली की बहुतेकांना ते नकोसं वाटायला लागतं, आणि करताना कसं वाटलं त्यावर पुढे ते परत करणार का हे बऱ्यापैकी ठरतं. सुरुवातीला गप्पा मारता येतील एवढ्याच वेगाने पळू द्या ना पोरांना, नंतर वाढवतील ती आपोआप. घड्याळ लावायचंच असेल तर त्याच मुलाच्या मागच्या महिन्याच्या वेळेशी लावा, शेजारच्या पोराशी नको.

एक विनंती तुमच्याकडेही आहे. अल्बर्ट बँडुरा ह्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मधे मांडलं की हे मला जमेल हा विश्वास सगळ्यात जास्त स्वतः करून बघितल्यावर येतो, आणि त्याखालोखाल आपल्यासारख्याच कुणालातरी करताना बघून येतो. तुमच्या खेळाच्या पानावर पोरं दिसतात ती मेडलवालीच, जरूर छापा, त्यांचं कौतुक व्हायलाच पाहिजे. पण टीम निवडताना शेवटी उरणारा मुलगा त्या फोटोकडे बघून हे आपल्यातलं नाही असंच म्हणतो. आठवड्यातून एकदा तरी एखाद्या साध्या मुलामुलीचं चार ओळींचं मनोगत छापा, जी कुठल्या टीममधे नाही, जिंकलेली नाही, आणि तरी रोज काहीतरी करते. कसं सुरू केलं, कुणाबरोबर करते, काय आवडतं एवढंच. नाव नको असेल तर नावाशिवाय छापा.

आपली,
एक वाचक