ताटाशेजारचा पेला

लिस्बन, ५ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

मी येथे खुशाल आहे. गुरुवारच्या फोनवर आईने मी काय जेवले हे विचारले नाही, तेव्हाच मला कळले की रविवारच्या फोटोतली बाटली तिने पाहिली आहे. ती रेड वाइनची होती आणि तिच्यातला एक पेला माझा होता, हे मी लपवीत नाही. परंतु आपल्याकडे बाटली म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येते, तसे येथे काही नसते, एवढे ऐकून घ्यावे.

माझ्या घरमालकीणबाई बहात्तर वर्षांच्या आहेत. त्या रात्री आधी सूप वाढतात, पाव कापतात (हा शब्द आपण पोर्तुगीजांकडूनच घेतलेला) आणि मग ताटाशेजारी एक बुटका, साधा पेला ठेवून त्यात निम्म्यापर्यंत वाइन ओततात. जेवण झाले की बूच दाबून बाटली ओट्यावर, तेलाच्या बाटलीशेजारी जाते. कोपऱ्यावरच्या खानावळीत दुपारी रंगारी आणि गवंडी येतात. त्यांच्यापुढे ‘विन्यु द काझा’, म्हणजे खानावळीची रोजची वाइन, सुरईतून येते. तिला लेबल नाही, ती पाव लिटर, अर्धा लिटर अशी मापाने मागायची. मासे-बटाट्याबरोबर ती पिऊन ही माणसे तोंड पुसतात आणि पुन्हा शिडीवर चढतात. पहिल्या महिन्यात, यांतला एक तरी खाली येईल म्हणून मी खिडकीतून पाहत असे. कोणी आले नाही.

बाबा, तुम्ही किंमत विचारलीत. रोजची बाटली दुकानात तीन-चार युरोंना मिळते आणि तोटी लावलेले पाच लिटरचे खोके लिटरमागे त्याहून स्वस्त पडते. आमच्याकडे बहुधा नदीपलीकडच्या आलेंतेझू भागातली असते, आरागोनेझ आणि त्रिंकादैरा या द्राक्षांच्या जातींची मिसळ. सप्टेंबरात मी तिकडची एक द्राक्षबाग पाहिली. आपण थॉमसन द्राक्षाला जीए हे संजीवक देऊन मण्यांची फुगवण करतो. यांचा मणी बारीक, जाड सालीचा, आत बिया. तासगावात असा घड कोणी उचलला नसता. परंतु रेड वाइनचा रंग सालीतूनच आणि तुरटपणा साल व बियांतून उतरतो, म्हणून रस सालींसकट आंबवतात, आणि मणी जितका लहान तितकी रसाच्या मानाने साल जास्त. थंडीत येथे वेल झोपतात, त्यामुळे छाटणी वर्षातून एकदाच होते. आपण दोनदा करतो हे सांगितल्यावर बागवानाने मजुरीचा हिशेब विचारला.

बेदाणा शेडच्या हप्त्याचे चाळीस हजार सोमवारी जमा होतील. दिवाळीला मात्र येणे जमणार नाही. तिकिटाचे पैसे त्यातच गेले असे नाही, रजाही शिल्लक नाही. सांगलीच्या स्थळाला मार्चपर्यंत थांबवावे. त्यांना तो फोटो गेला असेल तर मी स्वतः बोलेन. गेला नसेल तर आईने डावी बाजू कापून पाठवावा. आजीला यातले काही वाचून दाखवू नये, तिच्या गळ्यात माळ आहे.

छाटणीला माणसे मिळाली का, ते कळवावे.

आपली आज्ञाधारक कन्या