राजघराण्यांचा वारसाहक्क संसदेच्या हाती

महोदय,

युरोपातील राजघराण्यांविषयी आपल्या पुरवणीत अधूनमधून येणारा मजकूर मी आवडीने वाचतो. मात्र ‘शतकानुशतके अखंड चालत आलेली परंपरा’ हे शब्द त्यात इतक्या सहजपणे येतात, की गादीच्या वारसाचे नियम जणू कधी बदललेच नाहीत असा वाचकाचा समज व्हावा. वस्तुस्थिती अशी की, १९८० पासून यांपैकी बहुतेक देशांनी मुलगा-मुलगी हा भेद काढून टाकून ज्येष्ठ अपत्याला वारस ठरवले आहे, आणि हा बदल राजाच्या मर्जीवर नव्हे, तर कायद्याने झाला आहे.

स्वीडनचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. राजे कार्ल सोळावे गुस्ताव यांचे पुत्र कार्ल फिलिप १३ मे १९७९ रोजी जन्मले, ते युवराज म्हणूनच. ते आठ महिन्यांचेही झाले नव्हते तोच, १ जानेवारी १९८० रोजी, नवा वारसा कायदा अमलात आला, त्यांचे युवराजपद गेले आणि थोरली बहीण व्हिक्टोरिया युवराज्ञी झाली. जन्मलेल्या मुलाचा हक्क पूर्वलक्षी प्रभावाने काढून घेणे राजांना रुचले नव्हते आणि ही नाराजी त्यांनी पुढेही लपवली नाही. पण संसदेपुढे त्यांचा इलाज चालला नाही. शेजारच्या नॉर्वेत तोवर मुलींना गादीचा हक्कच नव्हता. १९९० मध्ये तेथेही समान हक्क आला, परंतु तो त्यापुढे जन्मणाऱ्या अपत्यांपुरता. त्यामुळे मार्था लुईस थोरल्या असूनही धाकटे बंधू हाकॉन हेच युवराज राहिले. तत्त्व एकच, पण कायदा कोणत्या दिवसापासून लागू करायचा एवढ्या तपशिलावर दोन थोरल्या बहिणींचे भवितव्य वेगवेगळे ठरले.

डेन्मार्कने हा प्रश्न थेट जनतेपुढे नेला, आणि मला तो मार्ग अधिक सरळ वाटतो. राजे फ्रेडरिक नववे यांना तीन मुलीच होत्या व वारस होते त्यांचे धाकटे बंधू क्नूड. १९५३ च्या सार्वमताने मुलींना वारसाहक्क मिळाला, काकांचा क्रम मागे गेला आणि तेरा वर्षांच्या मार्ग्रेटे भावी राणी ठरल्या. त्यांनी १९७२ पासून बावन्न वर्षे राज्य करून १४ जानेवारी २०२४ रोजी स्वेच्छेने पद सोडले. तरीही भावाला अग्रक्रम देणारी तरतूद रद्द व्हायला २००९ चे दुसरे सार्वमत लागले.

ब्रिटनमध्ये हा बदल २०१५ मध्ये अमलात आला, म्हणूनच २०१८ मध्ये भाऊ लुईस जन्मला तरी युवराज विल्यम यांच्या कन्या शार्लट यांचा क्रम खाली गेला नाही. राजे चार्ल्स यांच्या भगिनी राजकन्या अॅन यांना मात्र आजही दोन्ही धाकट्या भावांच्या मागेच राहावे लागते.

जुना नियम सर्वत्र गेला असेही नाही. मोनॅकोच्या राजघराण्यात डिसेंबर २०१४ मध्ये झालेल्या जुळ्यांपैकी गॅब्रिएला दोन मिनिटांनी मोठी आहे, पण वारस तिचा भाऊ जॅक. स्पेनच्या १९७८ च्या राज्यघटनेत पुरुषाला अग्रक्रम असल्याने दोन थोरल्या बहिणी असताना फेलिपे सहावे राजे झाले. त्यांच्या कन्या लिओनोर वारस आहेत, त्या केवळ भाऊ नाही म्हणून. हे कलम बदलायचे तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमत, संसदेचे विसर्जन, नव्या संसदेत पुन्हा तेवढेच बहुमत आणि शेवटी सार्वमत, एवढे सोपस्कार करावे लागतात. राजाला दोन मुलीच असताना ही उठाठेव करण्याची घाई तेथील कोणत्या पक्षाला असेल?

तेव्हा विनंती एवढीच की, वारसक्रमाचा तक्ता छापताना त्याखाली त्या देशाचा सध्याचा नियम आणि तो लागू झाल्याचे वर्ष एका ओळीत द्यावे.

— एक नियमित वाचक