बाबा, नीट दिसतंय तोवरच लेसर करून घ्या

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, मधुमेहाने बिघडलेल्या डोळ्याच्या पडद्यावर लेसर करून घ्या असं डॉक्टरांनी सांगितलंय, आणि काल फोनवर तुम्ही म्हणालात, "मला अक्षर न् अक्षर वाचता येतंय, मग लेसर कशाला?" तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय.

आईला वाटलं, डोळ्यात नव्या रक्तवाहिन्या आल्या म्हणजे रक्तपुरवठा सुधारला. तसं नाही गं. इतकी वर्षं साखर चढी राहिल्याने पडद्यातल्या बारीक केशवाहिन्या बुजत गेल्या. ऑक्सिजन पुरेना म्हणून पडदा 'व्हीईजीएफ' नावाचं प्रथिन सोडतो आणि त्याच्या जोरावर या नव्या वाहिन्या फुटतात. त्यांच्या भिंती अगदी कच्च्या. पडद्यावरून वाढत त्या डोळ्यातल्या जेलीला चिकटतात आणि जेलीने जरा ओढ दिली की फुटतात. मग नजरेसमोर काळी जाळी तरंगते, नाहीतर एकदम अंधारून येतं. पुढे तिथला व्रण आकसला, तर पडदाच ओढला जाऊन सुटतो. यातलं काहीही होण्याआधी दुखत नाही, खुपत नाही आणि वाचताही छान येतं. म्हणून तर भीती वाटते.

आधीच गेलेली नजर लेसरने परत येत नाही, हे आधीच सांगते. पडद्याच्या कडेकडेच्या भागावर हजाराच्या वर बारीक डाग देतात, बहुधा दोन-तीन वेळा बोलावून. त्या भागाची ऑक्सिजनची गरज घटते, प्रथिन कमी सुटतं, नव्या वाहिन्या सुकतात. रात्रीचं आणि बाजूचं दिसणं थोडं कमी होऊ शकतं. पण मधली, वाचायची नजर वाचते. 1976 सालीच अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दिसलं होतं, की लेसरमुळे नजर फार जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो.

डोळ्यातली इंजेक्शनंही चांगली आहेत, पण ती पुन्हापुन्हा घ्यावी लागतात आणि मध्येच खंड पडला तर आजार उसळतो. बाबा, तुम्ही तपासणीच्या तारखा पुढे ढकलता, त्यामुळे लेसरच करा हे डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं.

आई, तू बरोबर जा. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसतं, तेव्हा त्यांना गाडी चालवू देऊ नकोस. बीपीची गोळी चुकवू नका. आणि अचानक काळे ठिपके वाढले किंवा एका बाजूने अंधार सरकत आला, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. लेसरची तारीख मिळाली की लगेच कळवा, मी रजा टाकून येते.

तुमची,
ताई