आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: व्हॅलिनपुढचा बाण

मा. आरोग्यमंत्री यांस,

स. न. वि. वि.

मी वैद्यकीय प्रयोगशाळेत काम करणारी जीवरसायनतज्ज्ञ आहे. रक्तातली अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक, मोजणं हे माझं 22 वर्षांचं काम. अलीकडे मला एकाच प्रकारचे फोन येऊ लागले आहेत. पलीकडे एखादी बाई असते. तिच्या हातात कुठल्याशा ‘संपूर्ण तपासणी’चा रिपोर्ट असतो आणि त्यात व्हॅलिन किंवा ल्युसिन या अमिनो आम्लांच्या आकड्यापुढे वर टोक केलेला बाण. खाली एक ओळ: स्तनाच्या कर्करोगाचा धोका सरासरीपेक्षा जास्त. आता पुढे काय करायचं, एवढंच तिला विचारायचं असतं. रिपोर्ट देणाऱ्यांनी नेमकं तेवढंच सांगितलेलं नसतं.

आज ना उद्या कुणीतरी हीच चाचणी घेऊन आपल्या टेबलापाशी येईल. ‘मॅमोग्राफीची (स्तनांच्या एक्स-रेची) गरज नाही, थोडंसं रक्त पुरे’ असं सांगेल. त्याआधी माझं म्हणणं आपल्या कानावर पडावं म्हणून हे पत्र.

अमिनो आम्लांवर माझा राग नाही. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर आम्ही फिनिलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार ओळखतो. एरवी लिटरला 120 मायक्रोमोलच्या आत राहणारं फिनिलअॅलानिन हे अमिनो आम्ल उपचार न झालेल्या तीव्र आजारात 1200च्या वर जातं. दहा पट! तिथे आकडा स्वतःच बोलतो. वेळेवर आहार बदलला तर बाळाचा मेंदू वाचतो. या यशामुळेच लोकांना वाटतं की रक्तातलं अमिनो आम्ल मोजलं की रोग कळतो.

स्तनाच्या कर्करोगात असं काही होत नाही. पुढे कर्करोग झालेल्या बायका आणि न झालेल्या बायका यांची जुनी, साठवून ठेवलेली रक्तं ताडून पाहिली तर सरासरीत थोडासा फरक सापडतो. तोही हजारो नमुने एकत्र केल्यावर. एकेका बाईचे आकडे मांडले तर दोन्ही गट एकमेकांत इतके मिसळलेले दिसतात की कोण कुठल्या गटातली हे मला माझ्या यंत्रावरून सांगता येणार नाही. धोक्यातला फरक गटाचा असतो, बाण मात्र एका बाईच्या नावापुढे छापला जातो.

शिवाय फरकाची दिशाही एक नाही. युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासात 1624 रुग्ण आणि तितक्याच निरोगी बायकांची रक्तं तपासली गेली. निष्कर्ष 2019 मध्ये आले. रक्त देताना संप्रेरकांची औषधं न घेणाऱ्या बायकांमध्ये आर्जिनिन आणि अॅस्परॅजिन ही अमिनो आम्लं जास्त असतील तर धोका कमी दिसला. त्याच सुमारास फ्रान्समधल्या एका लहान अभ्यासात आर्जिनिन उलट्या बाजूला सापडलं: जास्त आर्जिनिन, जास्त धोका. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासातली गोष्ट तर आणखी मजेशीर आहे. ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही शाखायुक्त अमिनो आम्लं जास्त असतील, तर बहुतांशी पाळी सुरू असलेल्या बायकांच्या गटात धोका कमी दिसला. पाळी गेलेल्या बायका जास्त असलेल्या गटात एकूणात ठोस संबंध दिसला नाही. त्यातल्या काहींचं रक्त दहा वर्षांच्या अंतराने दोनदा घेतलं होतं. त्यांच्यात निदानाच्या दहा किंवा अधिक वर्षं आधीच्या रक्तात ही आम्लं जास्त असणं कमी धोक्याशी जोडलेलं निघालं, आणि निदानाआधीच्या दहा वर्षांतल्या रक्तात जास्त धोक्याशी.

मग फोनवरच्या बाईला मी काय सांगू? तिच्या बाणाचा अर्थ तिचं वय, पाळी, आणि कर्करोग झालाच तर तो किती वर्षांनी होणार यावर ठरणार. शेवटची गोष्ट माहीत असती तर चाचणीच कशाला लागली असती?

शाखायुक्त आम्लं वाढण्याची दुसरी, कितीतरी नेहमीची कारणं आहेत: वजन जास्त असणं आणि शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होणं. लठ्ठपणा हा पाळी गेल्यानंतरच्या स्तनाच्या कर्करोगाचा पक्का धोका आहे, हे आपल्याला आधीच ठाऊक आहे. त्यामुळे बाण पुष्कळदा वजनकाट्याचीच बातमी फिरवून सांगत असतो.

थोडं माझ्या टेबलाबद्दल. रक्त काढल्यावर ते लगेच थंड करून वेगळं केलं नाही, तर नळीतच आकडे बदलू लागतात. ग्लुटामिनचं ग्लुटामेट होतं. लाल पेशी फुटल्या की त्यांच्यातलं आर्जिनेज हे विकर (एन्झाइम) आर्जिनिन खाऊन टाकतं आणि ऑर्निथिन हे दुसरं अमिनो आम्ल वाढतं. म्हणजे ज्या आर्जिनिनच्या दिशेवरून दोन अभ्यासांत एकमत नाही, तेच नमुना पोचायला उशीर झाल्यानेही कमी होऊ शकतं. संशोधनात हे नमुने अतिथंड पेट्यांत जपतात आणि सगळे एकाच हाताने, एकाच पद्धतीने मोजतात. दुचाकीवरून डब्यात आलेल्या नळीचं तसं नसतं, आणि रिपोर्टवर ते लिहिलेलंही नसतं.

अॅस्परॅजिनची आणखी एक कथा आहे. 2018 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की अॅस्परॅजिन कमी केलं तर स्तनातल्या गाठीच्या पेशी शरीरात कमी पसरतात. प्रयोग उत्तम होता. बातम्यांनी मात्र अॅस्परॅगस या भाजीलाच आरोपी केलं, कारण 1806 मध्ये हे आम्ल पहिल्यांदा तिच्या रसातून मिळालं आणि नाव तिचंच पडलं. अॅस्परॅजिन कितीतरी पदार्थांत असतं आणि आपलं शरीर ते स्वतःही बनवतं. एका बाईने मला विचारलं होतं की प्रथिनं सोडू का. केमोथेरपी सुरू असलेली बाई होती. तिला नको म्हणताना माझा आवाज चढला, त्याची अजून लाज वाटते.

आता थोडा हिशेब. हजार बायका तपासायला आल्या आणि त्यांतल्या पाच जणींना कर्करोग आहे असं धरू. चाचणी फार चांगली आहे असंही धरू: दर शंभर रुग्णांतल्या नव्वद ओळखते आणि दर शंभर निरोगी बायकांतल्या नव्वदांना बरोबर सोडते. तरी साधारण शंभर निरोगी बायकांच्या रिपोर्टवर बाण येईल, आणि खऱ्या रुग्ण सापडतील चार किंवा पाच. या शंभर जणींना पुढची सोनोग्राफी, मॅमोग्राफी, लागलीच तर बायोप्सी आपल्याच दवाखान्यांत द्यावी लागेल. त्याच रांगेत गाठ घेऊन आलेली बाई उभी असेल. माझ्या माहितीतली कुठलीही अमिनो आम्ल चाचणी या गृहीत धरलेल्या चाचणीइतकी सिद्ध झालेली नाही.

उलट्या बाजूची भीती मला जास्त वाटते. ज्या रिपोर्टवर ‘धोका कमी’ छापलेलं असतं, ती बाई मला फोन करत नाही. हाताला गाठ लागली तरी ती कागदाकडे बघून थांबू शकते.

म्हणून माझी विनंती अशी. ही चाचणी सार्वजनिक तपासणी कार्यक्रमात घेऊ नये. खासगी प्रयोगशाळांना ती विकायची असेल, तर खोटे बाण किती येतात आणि किती रुग्ण सुटतात हे रिपोर्टच्या पहिल्या पानावर, आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरात छापणं बंधनकारक करावं. ‘गाठ, त्वचेला खळगा किंवा स्तनाग्रातून रक्त आल्यास हा रिपोर्ट बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा’ हे वाक्यही. संशोधन मात्र थांबवू नका. निरोगी बायकांचं रक्त आज नीट जपून ठेवलं आणि वीस वर्षं त्यांची खबर घेतली, तरच वर लिहिलेली उलटसुलट उत्तरं सुटतील. असं काम एका मंत्र्याच्या कारकिर्दीत फळत नाही, हे मला कळतं. तरीही त्यासाठी पैसे मागते आहे.

राहिली गाठ घेऊन आलेल्या बाईची रांग. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021च्या स्तन कर्करोग उपक्रमात तीन उद्दिष्टं आहेत: 60 टक्क्यांहून जास्त रुग्णांचं निदान पहिल्या दोन टप्प्यांत व्हावं, रुग्ण आल्यापासून 60 दिवसांत निदान पूर्ण व्हावं, आणि 80 टक्के रुग्णांचे उपचार शेवटपर्यंत व्हावेत. यातल्या दुसऱ्याला कुठलंही नवं अमिनो आम्ल शोधावं लागत नाही. लागतात त्या तारखा: बाई पहिल्यांदा आली ती, आणि बायोप्सीचा निकाल तिच्या हाती पडला ती. दोन्ही प्रत्येक दवाखान्याच्या नोंदवहीत असायला हव्यात. आपल्या खात्याने त्यांची वजाबाकी करून दर तीन महिन्यांनी दवाखानानिहाय जाहीर करावी. पहिला आकडा वाईट आला तरी चालेल.

कळावे,
आपली विश्वासू,
एक जीवरसायनतज्ज्ञ